पूजेआधी पारख : दसऱ्याच्या मुहूर्तावर मोबाइल घेताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या पानांचे ढीग लागतात. झेंडूच्या राशी, आंब्याचे टहाळे, भाताच्या लोंब्या यांच्या शेजारी मांडलेली ही पाने घेण्यासाठी एकच झुंबड उडते. अशा गर्दीतही घरातील एखादी जाणती, वडीलधारी स्त्री जुडीतले एक पान वेगळे काढते, त्यावरून बोट फिरवते आणि मगच पैसे मोजते. याचे कारण असे, की आपट्याच्या नावाखाली पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. दोन्ही वृक्ष एकाच कुळातले; दोहोंचे पान मधोमध दुभंगलेले. परंतु आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला अधिक आणि हाताला जाडसर लागते. कांचनाचे पान त्याहून मोठे व मऊ असते. काही रुपयांच्या त्या जुडीसाठी केवढी ही चोखंदळ दृष्टी!

हीच दृष्टी पंधरा-वीस हजारांची वस्तू घेताना मात्र आपल्यापाशी राहत नाही, हे नवलच म्हणावयाचे. खंडेनवमीस आपण शस्त्रे आणि अवजारे पुजतो. विद्यार्थी पाटीपुस्तकाची, कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात. ज्या साधनावर आपला चरितार्थ आणि विद्या चालते, त्याविषयीची कृतज्ञता हा त्या पूजेचा अर्थ होय. अलीकडे या साधनांच्या पंगतीत स्मार्टफोनही येऊन बसला आहे. शेतकरी त्यावर बाजारभाव पाहतो, विद्यार्थी त्यावर अभ्यास करतो, आणि दूरदेशी गेलेल्या लेकीचा चेहरा आईला त्यातच दिसतो. तेव्हा दसऱ्याच्या सुमुहूर्तावर नवा फोन घेऊन देवापुढे ठेवावा, ही इच्छा स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच, की आपण जो फोन नवा आणि अस्सल समजून देवापुढे ठेवतो, तो खरोखरीच नवा आणि अस्सल असतो काय?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्याच घरच्या अनुभवातून. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी दसऱ्याला फोन घेतला. वर्षभर भिशीत साठवलेले पैसे होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने खोके हातात घेऊन कडेची चिकटपट्टी पाहण्यास आरंभ करताच दुकानदार हसून म्हणाला, "ताई, मुहूर्ताची वेळ चालली. आज शंका काढू नका, घरी जाऊन पूजा करा." ती संकोचली. खोके तसेच घरी आले, त्यावर हळदकुंकू वाहिले गेले, आपट्याचे पान ठेवले गेले. तीन आठवड्यांनी पडद्यावर उभी रेघ उमटली. दुरुस्ती केंद्रात गेल्यावर कळले, की त्या फोनची हमी अकरा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली होती आणि त्याचा पडदा एकदा बदललेला होता. पावती पाहिली, तर ती साध्या कागदावरची. तीवर फोनचा क्रमांकच नव्हता. दुकानदाराने, "हा आमच्याच दुकानातला, हे कशावरून?" असे विचारले, आणि त्याला उत्तर देता आले नाही. पैसे बुडाले ते बुडालेच. परंतु बहिणीच्या मनाला लागले ते वेगळेच. ती म्हणाली, "दादा, कुणाचा वापरलेला, कुठून आलेला फोन मी देवापुढे ठेवला, ते मलाच ठाऊक नाही."

ही खंत इतर कोणा गृहिणीच्या वाट्यास येऊ नये, यासाठी हा लेखनप्रपंच.

मुहूर्त पळून जात नाही

पहिली गोष्ट घाईची. विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक मानला जातो. या दिवशी शुभकार्यासाठी वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही, हेच त्याचे माहात्म्य. मग दुकानात वीस मिनिटे थांबून फोन नीट पाहिला, तर कोणते शुभ टळणार आहे? जो विक्रेता मुहूर्ताचा धाक घालून खोके उघडू देत नाही, त्याच्याकडून वस्तू न घेणेच श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट संकोचाची. पारख करणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, असा आपला उगीचच समज असतो. आपट्याच्या पानांची कथा घराघरांत सांगितली जाते, तीत वरतंतूंचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मोजून घेतो; अधिक एकही घेत नाही. रघुराजा अवघी रास देऊ करीत असताही तो मोजतो. चोख व्यवहार देणारा आणि घेणारा या दोघांचाही मान राखतो. प्रामाणिक दुकानदारास तपासणीचा राग येत नाही. उलट, जाणते गिऱ्हाईक भेटल्याचा त्याला आनंदच होतो.

फसवणुकीचे प्रकार स्थूलमानाने तीन. एक, नामांकित कंपनीच्या फोनसारखा दिसणारा, पण आत हलका माल भरलेला नकली फोन. दोन, वापरून परत आलेला अथवा दुरुस्त केलेला फोन नवा म्हणून विकणे. तीन, चोरीचा फोन क्रमांक बदलून विकणे. जुना फोन 'जुना' म्हणून, दुरुस्त केलेला 'रिफर्बिश्ड' म्हणून कमी किमतीस विकणे यात काहीच गैर नाही. कित्येक कुटुंबांना तोच परवडतो. गैर आहे ते त्याला नव्याचे सोंग देणे.

खोके उघडण्यापूर्वी

प्रत्येक मोबाइल फोनला एक पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो. त्यास आयएमईआय क्रमांक म्हणतात. दोन सिमकार्डांच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. खोक्याच्या बाहेरील चिठ्ठीवर ते छापलेले असल्यामुळे खोके न उघडताच पहिली परीक्षा करता येते. या क्रमांकाचे महत्त्व जाणून भारतात डिसेंबर २००९ पासून वैध आयएमईआय क्रमांक नसलेल्या फोनची सेवा बंद करण्यात आली. पुढे हरवलेले आणि चोरीचे फोन रोखण्यासाठी केंद्रीय नोंदवही तयार झाली. तिचा प्रायोगिक आरंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र व गोव्याच्या परिसरातच झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. मे २०२३ पासून 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळाद्वारे ही सोय देशभरातील नागरिकांना खुली झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच नावाचे अॅपही आले.

तपासण्याची रीत अगदी सोपी आहे. आपल्या जवळच्या जुन्या फोनवरून संदेश लिहावा. त्यात प्रथम के, वाय, एम ही तीन रोमन अक्षरे, मग एक जागा मोकळी सोडून पंधरा अंकी क्रमांक. आणि तो संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवावा. उत्तरात त्या फोनची कंपनी व नमुना यांचे नाव येते. ते खोक्यावरील नावाशी जुळते काय, हे पाहावे. क्रमांक काळ्या यादीतील आहे, त्याचीच दुसरी प्रत अस्तित्वात आहे किंवा तो आधीच वापरात आहे, असे उत्तर आल्यास तो फोन घेऊ नये, असे सरकारचेच सांगणे आहे. बंद खोक्यातील नवा फोन 'आधीच वापरात' असण्याचे कारणच काय?

याच वेळी खोक्यावरचा इतर मजकूरही वाचावा. उत्पादक किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, उत्पादनाचा अथवा आयातीचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क, ही माहिती वेष्टित मालावर छापणे कायद्याने आवश्यक आहे. छापील किमतीवर नवी चिठ्ठी डकवलेली असेल, अक्षरे पुसट किंवा शुद्धलेखनात चुकलेली असतील, चिकटपट्टी एकदा उचलून पुन्हा दाबल्यासारखी दिसत असेल, तर सावध व्हावे. मात्र चिकटपट्टी शाबूत आहे एवढ्यावरच विसंबू नये. तशी नवी पट्टी लावणे कठीण नसते.

पंधरा अंकांचा ताळा

शाळेत गणित सोडवून झाल्यावर आपण ताळा करून पाहत असू. आयएमईआय क्रमांकातही तसाच ताळा योजलेला असतो, आणि घरातील शाळकरी मुलांनाही तो करून पाहता येईल. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, असे करीत चौदाव्यापर्यंतचे सम स्थानांचे अंक दुप्पट करावेत. दुप्पट दोन अंकी आली, तर त्या दोन अंकांची बेरीज घ्यावी. उदाहरणार्थ सातचे चौदा, आणि एक व चार मिळून पाच. पहिल्या, तिसऱ्यापासून तेराव्यापर्यंतच्या विषम स्थानांचे अंक जसेच्या तसे ठेवावेत. या सर्वांच्या बेरजेत अखेरचा, पंधरावा अंक मिळवला असता येणाऱ्या संख्येस दहाने निःशेष भाग गेला पाहिजे. भाग जात नसेल, तर तो क्रमांक मनाने रचलेला आहे, असे निश्चित समजावे.

परंतु ताळा जुळला म्हणजे फोन खरा ठरला, असे मात्र नव्हे. खऱ्या फोनचा क्रमांक उचलून नकली फोनवर चढवला, तर ताळा जुळणारच. मेरठ येथे २०२० साली एकाच आयएमईआय क्रमांकावर तेरा हजारांहून अधिक फोन चालत असल्याचे पोलिसांना आढळले होते. यावरून एकाच खुणेवर भिस्त ठेवणे किती धोक्याचे, हे ध्यानात यावे. हा क्रमांक बदलणे हा दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये गंभीर अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

सोन्याचा हॉलमार्क आणि फोनचा आर-क्रमांक

दसऱ्याला गुंजभर का होईना, सोने घेण्याची आपली चाल आहे. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असणे बंधनकारक झाले असून, भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर तो पडताळून पाहता येतो. पुष्कळ गृहिणी आता सराफाच्या पेढीवर बसून तो पाहतात. त्याच अॅपवर मोबाइल फोनचीही परीक्षा होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनची ब्यूरोकडे नोंदणी होणे आवश्यक असते. या नोंदणीचा क्रमांक 'आर' या रोमन अक्षराने सुरू होतो व त्यापुढे आठ अंक असतात. तो खोक्यावर, फोनच्या पाठीवर अथवा फोनच्या सेटिंग्जमधील नियामक माहितीच्या पानावर आढळतो. अॅपमध्ये तो घालताच उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. फोनसोबत येणाऱ्या चार्जरवरही असा क्रमांक असतो, तोही पाहावा. नकली चार्जर तापतो आणि कधी घरास आग लागण्यास कारण होतो. सणाच्या दिवसांत घरात लहान मुलांचा वावर असताना ही गोष्ट क्षुल्लक समजू नये.

खोके उघडल्यावर

पैसे देण्यापूर्वी किंवा निदान दुकान सोडण्यापूर्वी खोके दुकानदारासमोर उघडून घ्यावे. फोन सुरू केल्यावर प्रथम स्वागताचा व भाषा निवडण्याचा पडदा आला पाहिजे. आत आधीच कोणाचे खाते, छायाचित्रे, परकी अॅपे किंवा मागील संपर्क आढळले, तर तो फोन नवा नव्हे. सिमकार्डाचा खण बाहेर काढून पाहावा. तेथे धूळ किंवा ओरखडे नकोत. चार्जिंगच्या छिद्राच्या कडा घासलेल्या असू नयेत.

त्यानंतर अंकांच्या फलकावर *#०६# ही कळ दाबावी. पडद्यावर जे आयएमईआय क्रमांक उमटतील ते खोक्यावरील क्रमांकांशी, आणि सेटिंग्जमधील 'फोनविषयी' या भागातील क्रमांकांशी एकेक अंक लावून पाहावेत. तीनही ठिकाणी एकच क्रमांक हवा. एकाने वाचावे व दुसऱ्याने ताडून पाहावे, म्हणजे नजरचूक होत नाही.

मग कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर क्रमांक घालून हमीची तारीख पाहावी. आमच्या बहिणीची फसगत एवढ्या एका गोष्टीने टळली असती. हमी काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली, तर फोन पूर्वी चालू केला गेला आहे, असा त्याचा बहुधा अर्थ होतो. क्वचित दुकानदाराने विक्रीची नोंद आगाऊ केल्यामुळेही तारीख मागची दिसते. पण तसे असले तरी त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसावा? तेवढी हमी आपण गमावतोच. दुसरा फोन मागावा, हे उत्तम.

अँड्रॉइड फोनमध्ये प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधील माहितीच्या पानावर 'प्ले प्रोटेक्ट' प्रमाणनाची नोंद असते. फोन प्रमाणित नसल्याचे तेथे दिसल्यास तो नकली असल्याची किंवा त्यात फेरफार झाल्याची शंका घ्यावी. आयफोनच्या माहितीच्या पानावर नमुना-क्रमांकाचे पहिले अक्षर बोलके असते : 'एम' असेल तर तो किरकोळ विक्रीसाठीचा नवा फोन, 'एफ' म्हणजे कंपनीने दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेला, आणि 'एन' म्हणजे बदली म्हणून दिलेला. आयफोन १५ आणि त्यानंतरच्या फोनांत बॅटरी प्रथम केव्हा वापरली गेली व ती किती वेळा भरली गेली, हेही दिसते.

अखेर साधी व्यवहारी परीक्षा. एक फोन लावून आवाज ऐकावा, पुढचा व मागचा कॅमेरा चालवावा, पडद्याच्या चारही कोपऱ्यांना बोट लावून पाहावे, थोडा वेळ चार्जिंगला लावावे. नकली फोनमध्ये साठवणुकीची जागा पडद्यावर भली मोठी लिहिलेली असते आणि प्रत्यक्षात तिचा अंशच उपलब्ध असतो. म्हणून घरी आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच मोठ्या चित्रफिती त्यात भरून, त्या पुन्हा नीट उघडतात ना, हेही पाहून घ्यावे.

घरपोच मागवलेल्या फोनच्या बाबतीत दुकानदार समोर नसतो. तेव्हा केवळ प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव पाहून भागत नाही. त्यावर माल विकणारा प्रत्यक्ष विक्रेता कोण, हे वाचावे. पुडके फोडल्यापासून फोन सुरू होऊन क्रमांक दिसेपर्यंतची सलग चित्रफीत घ्यावी. वाद उद्भवल्यास तो आपला साक्षीदार ठरतो.

पावती हाच पुरावा

इतकी सारी परीक्षा करून पावती कच्ची घेतली, तर सर्व श्रम वाया जातात. 'बिल नको असेल तर थोडे कमी लावतो' या मोहास बळी पडू नये. मोबाइल फोनवर १ एप्रिल २०२० पासून अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो वाचवण्याच्या नादात आपण आपला हक्कच विकून टाकतो. पावतीवर दुकानाचे नाव, पत्ता व कराचा नोंदणी क्रमांक, तारीख, फोनचा नमुना आणि मुख्य म्हणजे आयएमईआय क्रमांक लिहिलेला असावा. पावती देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते, हे दुकानदारास सौम्य शब्दांत सांगण्यास हरकत नाही. जुना फोन घेत असाल, तर विकणाऱ्याकडून मूळ पावती मागावी आणि त्याने आपले खाते फोनमधून काढून टाकले आहे, याची खातरी करून घ्यावी. जो पावतीही दाखवत नाही आणि खातेही काढू शकत नाही, त्याच्या हाती तो फोन कोठून आला, याचा विचार सुज्ञांनी करावा. चोरीचा फोन नोंदवहीच्या साहाय्याने शोधून पोलीस जेव्हा दारात येतात, तेव्हा पैसेही जातात आणि फोनही.

एवढे करूनही फसगत झालीच, तर गप्प बसू नये. प्रथम दुकानदारास लेखी तक्रार द्यावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर नोंद करावी. तरीही निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे शुल्क पडत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून काम करणाऱ्या संस्था महाराष्ट्रात ग्राहकांना मार्ग दाखवीत आल्या आहेत. आपल्या तक्रारीमुळे आपले पैसे परत येवोत वा न येवोत, त्याच दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या पुढच्या गृहिणीचे पैसे त्यामुळे वाचण्याचा संभव असतो.

यंदा बहीण पुन्हा फोन घेणार आहे. भिशी पुन्हा पुरी झाली आहे. या वेळी तिने वहीच्या पानावर या सगळ्या गोष्टी क्रमाने उतरवून घेतल्या असून, क्रमांक वाचून दाखवण्याचे काम भाचीकडे सोपवले आहे. "दुकानदाराने मुहूर्ताची घाई केली तर?" असे मी विचारले. ती म्हणाली, "दादा, मी म्हणणार, मुहूर्त दिवसभर आहे. तुम्ही बसा, मी मोजते."

नव्या वस्तूवर हळदकुंकू वाहताना मनात शंकेचा लवलेशही नसावा, आणि जे साधन आपण पुजतो ते आपल्या घामाच्या पैशाचे, नेक वाटेने आलेले असावे. तसे घडले, की कपाटात जपून ठेवलेल्या पावतीलाही आपट्याच्या पानाइतकेच मोल येते. वाचकांच्या घरी येणारे प्रत्येक सोने असे पारखून घेतलेले असो, ही विजयादशमीनिमित्त शुभेच्छा.